अक्कांनी काढलेला हात

पहिल्याच दिवशी अक्कांनी मला अकरा वेळा जमिनीवर बसवलं आणि अकरा वेळा उठवलं. मी सोलापूरहून रेल्वेने आले होते, खांद्यावरची बॅगही धड उतरवलेली नव्हती. अक्का ओसरीच्या कट्ट्यावर मांडीवर फळी घेऊन बसल्या होत्या. फळीवर कागद होता. "बैस," त्या म्हणाल्या. मी बसले. "आतां ऊठ." मी उठले.

"उठतांना कोणता हात आधीं टेकलीस?"

"उजवा."

"डावा. आपुलें अंग आपुल्यास ठावें नसतें. पुन्हा बैस."

अकराव्या वेळी माझा गुडघा कटकन वाजला. अक्कांनी पेन्सिल थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी करताना सापडले होते. "गुडघा दुखतो म्हणून आधीं कां सांगितलें नाहीस? मी इतका वेळ धडक्या माणसाचें उठणें काढीत बसलें." काढलेले सगळे कागद त्यांनी बाजूला सारले आणि मग पितळी वाटीतून मला कापी, म्हणजे कॉफी, दिली. साखर नव्हती. मागायचा धीर झाला नाही.

अक्का तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. तंजावरच्या राजवाड्यामागे ज्या गल्ल्यांत अजून मराठी बोलणारी घरं आहेत, त्यांतल्या एका घराच्या मागच्या अर्ध्या भागात त्या एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. त्यांची सारी नोकरी सरकारी इस्पितळांत चित्रकार म्हणून झालेली. इस्पितळात चित्रकार असतो हेही मला तोवर माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी हाडांचे, स्नायूंचे तक्ते काढायचे, आणि शवविच्छेदनाच्या अहवालाला जोडायला माणसाच्या आकृतीवर जखमा मांडून द्यायच्या, हे त्यांचं काम. हृदयाची झडप कशी उघडते हे पोरांना समजेना, म्हणून त्यांनी एकदा जुन्या रजिस्टरच्या कोपऱ्यांवर साठ-सत्तर चित्रं काढून पानं फडफडवून दाखवली. झडप उघडली, मिटली. तेव्हापासून हलती चित्रं काढायचं वेड लागलं ते निवृत्तीनंतरही गेलं नाही.

बोलत त्या मराठीच, पण लिहीत तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना अडखळतच वाचता यायची. माझी मराठी ऐकून म्हणायच्या, "तूं रेडिओवाणी बोलतेस." गल्लीतले लोक त्यांना मागे 'पिशी अक्का', म्हणजे वेडी अक्का, म्हणत. दूधवाल्याला विचारायच्या, दूध ओतताना तुझा कोणता पाय पुढे होता. भाजीवालीला विचारायच्या, पावशेर भेंडी मोजताना तू श्वास का रोखून धरतेस. ज्याला उत्तर देता येत नसे त्याला वाटे, बाई आपली टर उडवते आहे. हळूहळू लोकांनी त्यांच्या दारावरून जाणंच कमी केलं. त्याही कोणाच्या घरी जात नसत.

मी त्यांच्याकडे गेले ती सेल्वीमुळे. सेल्वी माझी फिल्मच्या शाळेतली मैत्रीण, चेन्नईची. ती एक माहितीपट करत होती आणि मी त्याची संकलक होते. तिरुवैयारुच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, मानसिक रुग्ण बायकांसाठी चालवलेलं एक खाजगी आश्रयस्थान होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. तिथे एक बाई मेली होती. पूर्वी कधी तरी ती शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला टीचर म्हणत. कागदावर लिहिलं गेलं, तापाने मृत्यू. तिथे आया म्हणून काम करणाऱ्या बाईने मेलेल्या टीचरला अंघोळ घातली होती, आणि तिने जे पाहिलं ते तापाचं नव्हतं. या बाईचं नावही मी सांगणार नाही. चित्रपटात आम्ही तिला वल्ली म्हटलं, इथेही तेच म्हणते.

वल्लीने नोकरी सोडली होती. ती विधवा होती, आठवीतल्या मुलीला घेऊन पापनाशमला राहायची आणि लग्नाच्या मंडपांत स्वयंपाकाला जायची. ती बोलायला तयार होती, पण तोंड दाखवायला नाही. आश्रयस्थानात कॅमेरा नेणं अशक्य. म्हणजे दाखवायला आमच्याजवळ काहीच नव्हतं. एक आवाज होता फक्त. म्हणून चित्रं काढायची ठरली, आणि कोणी तरी अक्कांचं नाव सुचवलं. त्यांचे कागद त्या घराबाहेर नेऊ देईनात, म्हणून मीच त्यांच्या पुढच्या खोलीत राहायला आले.

अक्का ज्या टेबलावर काम करत ती इस्पितळाने भंगारात काढलेली एक्स-रे बघायची पेटी होती. आत दिवा, वर दुधी काच. काचेच्या कडेला पितळेच्या दोन खुंट्या ठोकलेल्या, त्यांत भोकं पाडलेले कागद एकावर एक बसत. एका सेकंदाला बारा कागद. पेन्सिलींना टोक करायला त्या शस्त्रक्रियेचं पातं वापरत. माणूस काढायचा तर पायांपासून सुरुवात. मी कधी कोणाला चित्र तळव्यांपासून सुरू करताना पाहिलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "झाड कोठून उगवतें?" आणि विषय संपवला.

वल्ली पहिल्यांदा आली त्या दिवशी अक्कांनी एका वहीत तीन रकाने आखले. पाहिलं, ऐकलं, दुसऱ्याने सांगितलं. वल्लीशी आणि सेल्वीशी त्या अर्थातच तमिळमध्ये बोलत, ते मला जेमतेम कळायचं. वल्लीचं प्रत्येक वाक्य त्या थांबवून विचारत, "हे तू पाहिलंस?" वल्ली विचार करून सांगायची. पहिल्या रकान्यातलं तेवढं अक्का काढणार होत्या. दुसऱ्या रकान्यासाठी फक्त आवाज. तिसरं चित्रपटात येणार नव्हतंच.

यावरून सेल्वीचं आणि त्यांचं वाजलं. टीचरला मारलं ते न्हाणीघरात, दार लावून. वल्ली बाहेर होती. तिने बादली पडल्याचा आवाज ऐकला, टीचरचा आवाज ऐकला, मग बराच वेळ नळ चालू राहिला. सेल्वीचं म्हणणं, दारावर उगारलेल्या हाताची नुसती सावली दाखवू.

"तिने सावली पाहिली?" अक्कांनी विचारलं.

"नाही. पण मारलं हे तर खरं आहे ना?"

"मग दार काढते."

"अक्का, चाळीस सेकंद नुसतं दार? बघणाऱ्याला कळणार कसं?"

"तिला जसं कळलं तसं."

चाळीस सेकंदांचं दार म्हणजे जवळजवळ पाचशे कागद. हलणारं काहीच नाही, तेव्हा एकच चित्र काढून चालवायला हरकत नव्हती. मी तसं सुचवलंही. अक्कांनी ते ऐकून घेतलं आणि दार पुन्हा पुन्हा नव्याने काढत राहिल्या. मला म्हणाल्या, "दार तेंच राहतें. त्याजकडे पाहणारी तशीच राहते काय?" पडद्यावर ते दार पाहिलं तेव्हा मला त्यांचं म्हणणं कळलं. प्रत्येक रेघ केसभर इकडे तिकडे झालेली, त्यामुळे बंद दार सारखं थरथरत होतं. मी सावलीची गोष्ट पुन्हा काढली नाही. सेल्वीनेही नाही.

चेन्नईच्या एका जाणत्या माणसाला आम्ही अर्धामुर्धा तुकडा दाखवला. तो म्हणाला, हाताने काढलेल्या चित्राला पुरावा कोण म्हणेल, यात तुम्हाला हवं ते काढता येतं. मी ते अक्कांना सांगितलं. त्या पेन्सिल तासत होत्या.

"कॅमेरा तेथें होता काय?"

"नव्हता."

"ती होती," त्या म्हणाल्या आणि तासत राहिल्या.

अंघोळीचा प्रसंग काढायची वेळ आली तेव्हा वल्लीला नुसतं सांगता येईना. अक्कांनी मागच्या अंगणात चटई टाकली. तिच्यावर एक लांब लोड ठेवला, बादली ठेवली, तांब्या ठेवला. "जसं केलंस तसं कर," म्हणाल्या.

मला वाटलं वल्ली रडेल किंवा नाही म्हणेल. तिने पदर खोचला आणि ती लोडाशी बसली. वल्लीच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळलेली होती. आश्रयस्थानाच्या स्वयंपाकघरात उकळती पेज सांडून भाजलेलं, नंतर बोटं उघडलीच नाहीत. तांब्या ती त्या दोन बोटांत अडकवून धरायची, आकड्यात अडकवावा तसा. तिने आधी कानांमागे पाणी घातलं. मग मान. मग लोडाला कुशीवर वळवला आणि पाठीपाशी तिचा हात थांबला. कुठे काय होतं ते तिने एकेक बोट ठेवून दाखवलं. शेवटी घोटे. तिथे साखळीचा वण होता. पाय पुसताना ती खूप हळू पुसत होती. मग फडकं पिळून तिने दोरीवर वाळत घातलं आणि अक्कांना म्हणाली, "झालं."

अक्का टेबलाशी जाऊन बसल्या. नंतर तीन महिने त्या ते पंच्याहत्तर सेकंद काढत होत्या.

कागद स्कॅन करायचं काम माझं. म्हणजे ते वळलेल्या बोटांचे हात मी शेकडो वेळा पाहिले. तांब्या अडकवलेला, पाणी घालणारा, घोट्याभोवतीचा वण पुसणारा तो हात. तोंड कुठेच नव्हतं, अक्कांनी वल्लीला मनगटांच्या वर काढलंच नव्हतं. पण तो हात कोणाचा हे तिला ओळखणाऱ्या कोणालाही कळलं असतं. माझ्या ते लक्षात आलं होतं का? हो, आलं होतं. एका दुपारी, स्कॅन करता करता, हे मनात येऊन गेलं. सेल्वीला सांगावं असंही वाटलं. पण तो आमच्या चित्रपटातला सर्वांत चांगला तुकडा होता. त्या दोन बोटांमुळेच तो खरा वाटत होता. मी गप्प राहिले. याबद्दल मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

चित्रपट पूर्ण झाला आणि तंजावरमध्येच एका छोट्या सभागृहात दाखवला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अक्का शेवटच्या रांगेत बसल्या आणि चित्रपटभर पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत राहिल्या. अंघोळीच्या वेळी कोणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "दाराच्या वेळीं तिघांनी घड्याळ पाहिलें. हाताच्या वेळीं कोणी नाही." मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

कोणी तरी अंघोळीचा तुकडा मोबाइलवर टिपला होता. चार दिवसांत तो गावभर फिरला.

पुढच्या आठवड्यात वल्लीचा फोन सेल्वीला आला. ती पापनाशमच्या एका मंडपात भाताच्या पातेल्याशी उभी असताना दोन पुरुष आणि एक बाई आत आली होती. बाई आश्रयस्थानातली. त्यांनी शिवी दिली नाही की अंगाला हात लावला नाही. पुरुषांतला एक म्हणाला, "दोन्ही हात पुढे कर." सगळा स्वयंपाक थांबला होता. वल्लीने हात पुढे केले. बाई म्हणाली, "हीच." आणि ते निघून गेले. संध्याकाळी मंडपवाल्याने सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. दोन दिवसांनी शाळेच्या वाटेवर एकाने तिच्या मुलीला थांबवलं आणि तू कितवीत आहेस, शाळा किती वाजता सुटते, एवढंच विचारलं. घरमालकाने खोली सोडायला सांगितली. वल्ली मुलीला घेऊन तिरुप्पूरला निघून गेली. तिथे तिची मावसबहीण बनियनच्या कारखान्यात होती.

सेल्वी चेन्नईहून धावत आली. आम्ही दोघींनी अक्कांना ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. अक्का ऐकत होत्या. आमचं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तिने कोणता हात आधी पुढे केला?"

माझा तोल गेला. मी मराठीत, मग हिंदीत, जे तोंडाला येईल ते बोलले. एका बाईचं घर गेलं, पोरीची शाळा गेली, आणि तुम्हाला अजून हातांचंच पडलं आहे. तुमच्या या वेडापायी झालं सगळं. सेल्वी मला धरायला उठली.

अक्कांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मला एवढेंच ठावें करून घ्यायचें होतें, तिनें तो हात लपवला काय."

"नाही लपवला," सेल्वी म्हणाली. "तोच आधी पुढे केला म्हणाली."

अक्का उठल्या आणि आत गेल्या. दोन दिवस त्यांनी पेटीचा दिवा लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी सामान भरत होते, तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कोणी न विचारता सांगू लागल्या.

नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या एका जिल्ह्यात होत्या. पोलीस कोठडीतून एका तरुणाचं प्रेत आलं. अहवालाला जोडायची आकृती काढायला यांना बोलावलं. "डोईपासून काढीत गेलें. तेव्हां मी डोईपासून काढीत होतें. घोट्यापर्यंत आलें. तळपायांवर वळ होते, दोहींवर, काळे. तेथला एक साहेब मागें उभा होता. म्हणाला, पाय राहू दे, कागद संपला. कागद संपला नव्हता, अगे. वीतभर कोरा होता." फोटोही काढले होते, पण रीळ खराब निघाल्याचं नंतर सांगण्यात आलं. उरलं ते हे चित्र. त्यात पायच नव्हते. "त्याची माय दर महिन्यास इस्पितळाच्या दाराशीं येऊन उभी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्यास पुसायची, माझ्या लेकाचें काय जाहलें. मजलाही पुसली. मी तिच्याजवळून गेलें."

त्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "म्हणून त्यापुढें कांहीच गाळलें नाही," त्या म्हणाल्या. "आणि आतां गाळायचें होतें तेव्हांही गाळलें नाही."

मी भरलेली बॅग रिकामी केली. माझ्या दुपारच्या त्या गप्प बसण्याबद्दल तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी ते पंच्याहत्तर सेकंद पुन्हा काढायला घेतले. लोड अंगणात, बादली, तांब्या. फरक एवढाच की आता त्यांना हात हवे होते, आणि एकीचे नव्हे. ज्या बाईने वर्षानुवर्षं कोणाचा उंबरठा ओलांडला नव्हता ती गल्लीत दारोदार गेली. आधी बायका दचकल्या. सर्वांत आधी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. मग बांगडीवाली. मग वीणा शिकवणारी एक सून, जिच्या बोटांच्या टोकांना घट्टे होते. नऊवारी नेसणारी नव्वदीची आजी आली, ती लोडाला अंघोळ घालता घालता मेलेल्या बहिणीशी बोलू लागली. गल्लीतल्या बहुतेक बायका येऊन गेल्या. माझेही हात तीन सेकंदांपुरते आहेत. अक्का एकीचे हात कागदागणिक थोडे थोडे बदलत दुसरीचे करत नेत. पडद्यावर पाणी घालणारा हात म्हातारा होत जाई, मग तरुण, मग काळा, मग बांगड्यांचा. कॅमेऱ्याला हे असं करता आलं नसतं. आता कोणाला विचारलं असतं हा हात कोणाचा, तर कोणालाच सांगता आलं नसतं.

या कामाला सात महिने लागले. अक्कांच्या उजव्या डोळ्याची नजर त्यात अधू झाली. एक्स-रेच्या पेटीचा उजेड डोळ्यांत जातो, थांबा, असं मी सांगायचे. त्या ऐकत नसत.

नवा चित्रपट तयार झाल्यावर सेल्वी तो मोबाइलमध्ये घेऊन तिरुप्पूरला गेली. वल्ली आता कारखान्यात बनियनांचे सुटे धागे कातरायची. दुपारच्या सुट्टीत, कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या उभ्या तिने तो तुकडा दोनदा पाहिला. मग मोबाइल परत देऊन म्हणाली, "चांगलं आहे. ह्या सगळ्या बायका कोण?"

सेल्वीने सांगितलं, तुझ्यासाठी केलं, आता कोणी तुला ओळखणार नाही.

वल्ली म्हणाली, "टीचरला मी धुतलं. तेव्हा ह्या कुठे होत्या?"

सेल्वीने परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. अक्का पलंगावर आडव्या होत्या. त्यांनी मला मराठीत विचारलं, "आम्ही तिला पुसलें काय? पहिल्यानें? आतां?"

"नाही," मी म्हणाले.

"दूधवाल्यास पुसलें," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी मी आणि त्या बसने तिरुप्पूरला गेलो. तिरुची, करूर, सगळा रस्ता उन्हाचा. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. वल्लीची खोली एका पत्र्याच्या चाळीत होती. मुलगी शाळेत गेलेली. वल्लीने आम्हाला बसायला चटई दिली, पाणी दिलं. अक्का चटईवर न बसता तिच्यासमोर फरशीवर बसल्या. त्यांना ते जमत नव्हतं, मी हात दिला.

"तुला न विचारता तुझा हात काढला," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मग न विचारता पुसला. दोन्ही वेळा माझं चुकलं."

मला वाटलं वल्ली असू द्या म्हणेल. मोठं माणूस असं बोललं की आपल्याकडे म्हणतातच. ती नाही म्हणाली. तिने विचारलं, "पहिले कागद फेकले?"

"नाही. ट्रंकेत आहेत."

वल्लीने जरा विचार केला. "मुलगी शिकून कामाला लागेपर्यंत ह्या बायकांचंच दाखवा. ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली की माझा हात परत लावा. माझं नावही लावा, खरं नाव. वल्ली नको."

"तेव्हा ते पुन्हा येतील," मी म्हटलं.

"येऊ देत. तेव्हा मुलगी असेल," ती म्हणाली.

परत येताना करूरजवळ अक्कांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपून गेल्या. त्या कोणाला कधी स्पर्श करत नसत. तासभर मी हलले नाही.

त्यानंतर त्यांनी फारसं काम केलं नाही. एका फिजिओथेरपीवाल्यासाठी गुडघ्याची काही चित्रं काढली, तीही चुकली म्हणून स्वतःच फाडली. मी सोलापूरला परतले. पुढच्या वर्षीच्या मार्गळीत, ऐन डिसेंबरात, त्यांच्या छातीत कफ धरला आणि त्या इस्पितळातच वारल्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं. पोहोचले तोवर पुतण्याने घर रिकामं करायला घेतलं होतं. एक्स-रेची पेटी भंगारवाला घेऊन गेला होता. ट्रंक मात्र बाजूला ठेवली होती. तिच्या झाकणावर तमिळ अक्षरांत माझं नाव होतं आणि खाली मराठीच, पण तमिळ अक्षरांतच, एक ओळ. मला ती वाचता येईना. मुख्याध्यापिकाबाईंनी वाचून दाखवली: तिला पुसून मग उघड.

आश्रयस्थानाची चौकशी झाली. नाव बदललं, पाटी बदलली, ते अजून चालू आहे. तिथल्या काही बायकांना दुसरीकडे हलवलं, कुठे ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. चित्रपट अधूनमधून कुठे कुठे दाखवला जातो, गल्लीतल्या बायकांच्या हातांसह. लोक नंतर येऊन सांगतात, हात बदलत जाण्याची कल्पना किती सुंदर आहे, साऱ्या बायका जणू एकच झाल्या. मी मान हलवते.

दर पोंगलला मी तिरुप्पूरला फोन करते. माझं तमिळ अजून मोडकंच आहे, पण तेवढ्यापुरतं भागतं. यंदा फोन मुलीने उचलला. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा आवाज आईसारखाच आहे, आधी मला वाटलं वल्लीच बोलते. तिने फोन आईला दिला.

"उघडू?" मी विचारलं.

"अजून नको," वल्ली म्हणाली. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "कागदांना वाळवी लागली नाही ना?"

"नाही."

"बघत जा," ती म्हणाली.